रॅम आधी, ग्राफिक्स कार्ड नंतर

लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटर जुळवून घ्यायला गेलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो : गेमिंग की एडिटिंग? या एका उत्तरावर अख्खं कोटेशन ठरतं. गेमिंग म्हटलं की बरेचसे पैसे ग्राफिक्स कार्डात जातात. एडिटिंग म्हटलं की कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही वर सरकतात. माझ्या भाचीचं उत्तर तिसरंच होतं. तिला घरच्या एका कॉम्प्युटरवर एकाच वेळी चार ऑपरेटिंग सिस्टिम चालवायच्या होत्या.

ती लालबागला राहते आणि माटुंग्याच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ओढा नेटवर्क सुरक्षेकडे. त्याच्या सरावाला चार मशीन लागतात. काली लिनक्सचं एक, जिथून हल्ला करून पाहायचा. विंडोज सर्व्हरचं एक. त्या सर्व्हरला जोडलेलं साध्या विंडोजचं एक. आणि मध्ये पहारा देणारी पीएफसेन्सची फायरवॉल. कॉलेजच्या लॅबमध्ये ही मशीन वेगवेगळ्या टेबलांवर मांडलेली असतात, पण लॅब संध्याकाळी बंद होते. लालबागच्या खोलीत चार माणसं राहतात आणि टेबल एकच आहे. म्हणून एका मशीनच्या पोटात चार मशीन वसवायची. यांनाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्रॅम खऱ्या हार्डवेअरचे वाटे करतो, आणि आतल्या प्रत्येक सिस्टिमला आपल्याला स्वतंत्र कॉम्प्युटर मिळाल्यासारखं वाटतं. सरावात एखादं मशीन मोडलं तर आधी घेऊन ठेवलेल्या स्नॅपशॉटवर परत जायचं, की ते होतं तसं उभं राहतं. शिकणाऱ्याला बिनधास्त चुका करता येणं ही या व्यवस्थेची सगळ्यात मोठी देणगी आहे.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत केंब्रिजच्या आयबीएम केंद्रात सीपी-४० ही व्यवस्था १९६७ साली चालू झाली, कारण तेव्हाचे कॉम्प्युटर इतके महाग होते की एक यंत्र अनेकांत वाटल्याशिवाय परवडत नसे. आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आला, तेव्हा इतर संस्थांचे संशोधकही आपली गणितं त्याच्यावर करून घेत. घरगुती पीसीचा प्रोसेसर मात्र अशा वाटपासाठी घडवलेला नव्हता. त्याच्या काही सूचना पाहुण्या सिस्टिमने दिल्या तर नियंत्रण करणाऱ्या प्रोग्रॅमला पत्ताच लागत नसे. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये अशा सूचना चालता चालता बदलून वाट काढली. पुढे इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही ही सोय थेट चिपमध्येच घातली, आणि मग हे काम घरच्या मशीनवर सुखाने होऊ लागलं. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरांत ही सोय असतेच. त्यामुळे आता अडतं ते प्रोसेसरपाशी नाही, मेमरीपाशी.

याचं कारण नीट समजून घ्यायला हवं. चाळीतला सार्वजनिक नळ सगळी बिऱ्हाडं पाळीपाळीने वापरतात, पण राहायची खोली पाळीने वाटता येत नाही. प्रोसेसर हा नळ आहे आणि रॅम ही खोली. चार मशीन बहुतेक वेळ नुसती वाट पाहत बसलेली असतात, तेव्हा प्रोसेसर ज्याला गरज असेल त्याच्याकडे वळतो. रॅम मात्र मशीन चालू असेपर्यंत अडकून पडते.

आम्ही दुकानात उभ्या उभ्याच कागदावर हिशेब मांडला. कालीला ४ जीबी, विंडोज सर्व्हरला ४, साध्या विंडोजला ४, फायरवॉलला १. झाले १३. वर घरची मूळ विंडोज आणि ब्राउझरचे पाच-सहा टॅब धरले तर आणखी ६. एकूण १९ जीबी. कोटेशनमध्ये १६ जीबीची एकच स्टिक होती. तेवढ्यावर चौथं मशीन चालू करताच मूळ विंडोज रॅममधला माल डिस्कवर हलवू लागते, आणि मग चारही मशीन रखडतात. ३२ जीबीवर हा हिशेब बसून वर श्वास घ्यायला जागा उरते.

३२ जीबी घेतानाही १६-१६च्या दोन स्टिक घ्याव्यात. दोन स्टिक असल्या की प्रोसेसर दोन्ही मार्गांनी मेमरीशी बोलतो. आणि बोर्डवर रॅमचे चार स्लॉट असतील तर पुढे नोकरी लागल्यावर आणखी दोन स्टिक टाकून ६४ करता येतात. एच६१० चिपसेटच्या स्वस्त बोर्डांवर दोनच स्लॉट असतात. आज वाचवलेले पैसे उद्या दोन्ही स्टिक काढून विकायला लावतात. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी वळल्याने रॅमचे भाव बरेच चढले. म्हणून तर कोटेशनमधली दुसरी प्रत्येक ओळ रॅमसाठी कापायची तयारी हवी.

आम्ही कापली ती ग्राफिक्स कार्डाची ओळ. व्हर्च्युअल मशीनच्या या सरावात त्या कार्डाला कामच नसतं. प्रोसेसर मात्र असा निवडावा लागतो, ज्याच्या आतच पडद्यापुरतं ग्राफिक्स असेल. रायझन ५ ५६००जी मध्ये ते आहे, ६ कोर आणि १२ थ्रेड आहेत, आणि तो ६५ वॅटच्या वर्गात बसतो. नावातून ‘जी’ गेलेल्या ५६०० मध्ये ते नाही. इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असेल तर तिथेही नाही. कालीला २, सर्व्हरला २, विंडोजला २ आणि फायरवॉलला १ असे सात आभासी कोर वाटले, तरी १२ थ्रेडच्या प्रोसेसरवर ताण येत नाही.

दुसरी कापलेली ओळ फिरत्या हार्ड डिस्कची. चार सिस्टिम एकदम चालू होतात, तेव्हा प्रत्येक जण डिस्कच्या वेगळ्या कोपऱ्यातून छोटे छोटे तुकडे मागत असतो. फिरती डिस्क सेकंदाला अशा शे-सव्वाशे मागण्या पुऱ्या करते, कारण तिची सुई प्रत्येक वेळी जागेवर न्यावी लागते. एनव्हीएमई एसएसडीत सुईच नाही. ती हजारो मागण्या झेलते. म्हणून ५१२ जीबी एसएसडी आणि १ टीबी हार्ड डिस्क या जोडीऐवजी एकच १ टीबी एनव्हीएमई घेतली. विंडोजच्या एकेका मशीनला ५०-६० जीबी जागा लागते आणि स्नॅपशॉट साठत गेले की ती फुगते. ५१२ जीबी अशी बघता बघता भरते.

जुळणीचं काम दुकानाच्या माळ्यावर चालतं. तिथल्या कारागिराचा हात पाहत राहावा असा होता. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवला, तर तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो; जोर लावला तर पिना वाकतात. मग लिव्हर खाली. कूलरखाली पेस्ट आधीच लावलेली असते. त्याचे चार स्क्रू त्याने समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळले, म्हणजे दाब एकसारखा पडतो. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, क्लिप मिटेपर्यंत. एसएसडी तिरकी सरकवून खाली दाबली आणि एका बारीक स्क्रूने धरली.

पहिल्यांदा मशीन चालू झालं तेव्हा भाचीने डिलीट की दाबून बायॉसमध्ये जायला सांगितलं. कारागीर म्हणाला, ‘‘मॅडम, विंडोज टाकून देतो, बायॉसमध्ये काही बघायचं नसतं.’’ बघायचं होतं. प्रोसेसरच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘एसव्हीएम मोड’ नावाची ओळ होती आणि तिच्यापुढे ‘डिसेबल्ड’ लिहिलेलं होतं. एएमडीच्या अनेक बोर्डांवर ती अशीच बंद येते. चिपमधली आभासी मशीनची सोय इथून चालू करावी लागते. इंटेलच्या बोर्डांवर तिचं नाव ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ असं असतं. ही एक ओळ बंद असेल तर महागातला प्रोसेसर घेऊनही ६४-बिटची पाहुणी सिस्टिम उघडत नाही. तिने ती चालू केली, सेव्ह केलं, आणि कारागिराने ती जागा कुठे असते ते पुन्हा एकदा पाहून ठेवलं.

घरी आल्यावर दुसरी परीक्षा असते : खोलीची. लालबागच्या खोलीत मे महिन्यात दुपारी हवा आधीच तापलेली असते, आणि प्रोसेसर ९५ अंशांच्या जवळ गेला की स्वतःच वेग कमी करतो. कॅबिनेट पोटमाळ्यावर किंवा कपाटाच्या खणात कोंबलं तर हे हमखास होतं. म्हणून ते टेबलाखाली, भिंतीपासून वीतभर पुढे ओढून, जमिनीवरून थोडं उंच ठेवलं. रस्त्याची धूळ आणि मुंबईची दमट हवा लक्षात घेता पंख्यांची जाळी महिन्यातून एकदा झाडायलाच हवी.

विजेचाही हिशेब करावा. असं मशीन फारसं काम नसताना साधारण ५० वॅट खातं असं धरलं आणि ते चोवीस तास चालू ठेवलं, तर महिन्याला ३६ युनिट होतात. बेस्टच्या बिलात पहिल्या १०० युनिटांचा टप्पा सगळ्यात स्वस्त असतो. त्यातले ३६ एकट्या कॉम्प्युटरने घेणं साध्या घराला जड जातं. सराव झाला की मशीन बंद करणं हेच बरं. आणि यूपीएस टाळू नये. मुंबईत वीज जात नाही हा आपला विश्वास १२ ऑक्टोबर २०२० ला हलला. त्या दिवशी सगळं शहर एकदम बंद पडलं होतं. वीज झटक्यात गेली तर एका सिस्टिमऐवजी चार सिस्टिमच्या फाइली एकाच वेळी बिघडू शकतात. ६०० व्हीएचा यूपीएस चारही मशीन रीतसर बंद करण्याइतका वेळ देतो.

पहिल्या संध्याकाळी काली चालू केलं आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या तळाशी हिरवं कासव दिसलं. मूळ विंडोजने सुरक्षेसाठी स्वतःचीच आभासी यंत्रणा चालू ठेवलेली असते, आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्या आडून काम करावं लागतं, तेव्हा हे कासव येतं. मशीन चालतं, पण संथ. विंडोजची ती सोय बंद केल्यावर कासव गेलं. सुरक्षेची ढाल उतरवायची की वेग सोडायचा, हे ज्याने त्याने जोखून ठरवावं. ज्या कॉम्प्युटरवर घरातले बँकेचे व्यवहार होतात त्यावर मी ती उतरवणार नाही.

मग चारही मशीन एकत्र चालू केली. टास्क मॅनेजरमध्ये रॅम १९ जीबीच्या आसपास स्थिरावली, प्रोसेसर बराच वेळ निवांत होता. कागदावरचा हिशेब पडद्यावर उतरला.

नवं मशीन परवडत नसेल त्यांनी हिरमुसून जाऊ नये. कंपन्यांच्या ऑफिसांतून बदलीत निघालेले पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप बाजारात मिळतात. त्यांतले ३५ वॅट वर्गातले प्रोसेसर या कामाला पुरतात आणि वीजही कमी खातात. फक्त रॅम ३२ जीबीपर्यंत वाढते का आणि एनव्हीएमईची जागा आहे का, हे दोन प्रश्न विचारून, चालवून पाहूनच घ्यावं. पाहुण्या सिस्टिमसाठी चोरीची सॉफ्टवेअर लागत नाहीत : लिनक्स मोफत आहे, व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे, आणि विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट स्वतः देतं.

पण त्याही आधी घरातला जुना लॅपटॉप उघडा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात सीपीयू, आणि खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर काय लिहिलंय ते वाचा. ‘डिसेबल्ड’ असेल तर बायॉसमधून चालू करा. रॅम ८ जीबी असली तरी एक हलकं लिनक्स मशीन त्यावर आजच चालेल. ते पुरेनासं झालं की मग लॅमिंग्टन रोडला जा, आणि कोटेशनमध्ये रॅमची ओळ सगळ्यात आधी वाचा.