रिझनिंगची भीती कोणी घातली?

“सर, रिझनिंग सोडून काहीही विचारा.”

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर स्पर्धा परीक्षा देणारी पंधरा-वीस मुले-मुली बसतात. कोर्टाला सुट्टी असल्याने मीही जाऊन बसतो. यातील बहुतेकांना राज्यघटनेची कलमे पाठ आहेत, महाडपासून नागपूरपर्यंत बाबासाहेबांच्या चळवळीच्या तारखा तोंडपाठ आहेत, गोदावरीच्या उपनद्या झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगतील. पण सहा माणसे एका ओळीत बसली आहेत, अमुक हा तमुकच्या डावीकडे आहे, असा प्रश्न आला की माना खाली जातात. गेल्या महिन्यात मिस्त्रीकाम करणाऱ्या आमच्या एका बांधवाच्या मुलीने वरचे वाक्य उच्चारले. कारण विचारले तर म्हणाली, “ते डोक्यातच असावं लागतं, सर.”

जन्माने काहीही ठरत नाही हे जगाला सांगण्यासाठी ज्या समाजाने १९५६ साली धम्म स्वीकारला, त्या समाजाची मुलगी तथागतांच्या मूर्तीसमोर बसून सांगते की बुद्धी जन्माने येते! मला राग आला, पण तिचा नाही. कारण हेच वाक्य मीही एकदा खरे मानले होते. २००३ साली मी एका बँकेच्या लिपिक पदासाठी अर्ज केला होता. शहरातल्या एका शिकवणीवर्गात चौकशीला गेलो. तिथल्या गृहस्थांनी आडनाव विचारले, गाव विचारले आणि मोठ्या प्रेमाने सल्ला दिला की, बुद्धिमत्तेच्या भागावर तुम्ही वेळ घालवू नका, तुमचे कट ऑफ कमी असते, जनरल नॉलेजवर निघून जाल. मी तो सल्ला पाळला आणि नापास झालो. त्या गृहस्थांनी मला फी न घेता जे शिकवले ते विसरायला पुढे बरीच वर्षे लागली.

हा भाग वगळून आज एकही दार उघडत नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न बुद्धिमापन व गणिताचे होते. रेल्वेच्या गट ड परीक्षेत १०० पैकी ३० प्रश्न याच विषयाचे. बँक अधिकारी पदाच्या आयबीपीएस पूर्व परीक्षेत ३५ प्रश्न आणि वेळ फक्त २० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ३५ सेकंदसुद्धा नाहीत, वर चुकीच्या उत्तराला पाव गुण कापणार. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतही बुद्धिमत्ता चाचणी आहेच. शिपायापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना हा नाका ओलांडावा लागतो.

‘बुद्धिमत्ता चाचणी’ या नावातच खोट आहे. अशा चाचण्यांची सुरुवात १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी केली, ती वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. बुद्धी जन्मतः ठरलेली व न वाढणारी आहे, हे बिने यांना मान्य नव्हते. पण हे हत्यार अमेरिकेत पोहोचले आणि पहिल्या महायुद्धात लाखो सैनिकांना असल्या चाचण्या देण्यात आल्या. त्या आकडेवारीवरून कार्ल ब्रिगहॅम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली पुस्तक लिहून उत्तर युरोपातील गोरे वंश बुद्धीने श्रेष्ठ असल्याचे जाहीर केले. याच ब्रिगहॅमच्या देखरेखीखाली १९२६ साली अमेरिकन महाविद्यालयांची प्रवेश परीक्षा, एसएटी, तयार झाली. १९३० मध्ये त्याने स्वतःच आपले निष्कर्ष निराधार असल्याचे कबूल केले. तोपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. आपल्याकडे हे काम स्मृतींनी केले, तिकडे आकडेवारीने केले, एवढाच काय तो फरक.

वकील असल्यामुळे मला यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक पॉवर नावाची वीज कंपनी होती. काळ्या कामगारांना ती मजुरीपुरते ठेवत असे. १९६५ साली भेदभावविरोधी कायदा लागू झाला, त्याबरोबर कंपनीने चांगल्या खात्यांसाठी शाळा उत्तीर्ण झाल्याच्या दाखल्याची आणि बुद्धिमत्ता चाचणीची अट घातली. अट सगळ्यांना सारखीच! पण त्या कामाशी चाचणीचा संबंध काय, हे कंपनीला दाखवता आले नाही. १९७१ साली ग्रिग्ज खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती अट बेकायदा ठरवली. मुख्य न्यायमूर्तींनी निकालात कोल्हा आणि करकोच्याच्या गोष्टीचा दाखला दिला आहे. तीच गोष्ट, जी आपण शाळेत शिकलो. दूध दोघांनाही दिले, पण कोणत्या भांड्यात दिले? आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२२ मध्ये नीटमधील ओबीसी आरक्षणाच्या प्रकरणात म्हटले आहे की, खुल्या स्पर्धा परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता, अशी संकुचित व्याख्या करता येणार नाही. काही वर्गांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालेला सामाजिक, आर्थिक व सांस्कृतिक लाभ त्या गुणांत दिसत नाही.

भांड्याविरुद्धची लढाई आपल्याकडेही झाली. यूपीएससीने २०११ पासून पूर्व परीक्षेत सीसॅटचा पेपर आणला आणि त्याचे गुण निवडीत धरले. २०१४ साली दिल्लीत भारतीय भाषांतून शिकलेली मुले रस्त्यावर उतरली आणि २०१५ पासून तो पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता राहिला. एमपीएससीने तोच पेपर २०१३ पासून घेतला आणि पात्रतेपुरता व्हायला २०२२ उजाडले. मधल्या वर्षांत किती मराठी माध्यमाची मुले वय संपून घरी बसली असतील याचा हिशेब कोणी देणार नाही.

पण लढाई जिंकली म्हणून पेपर सोपा होत नाही. २०२३ चा यूपीएससीचा सीसॅट एवढा कठीण निघाला की उमेदवारांनी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागितली. शिवाय यूपीएससीची ही ३३ टक्क्यांची अट सर्व प्रवर्गांना सारखी आहे, इथे कट ऑफ कमी नाही. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकीला एकतृतीयांश वजा. एकही न चुकता २७ प्रश्न बरोबर आले तर सुटका. ३० बरोबर आणि १० चूक असतील तर माणूस बरोबर काठावर. म्हणजे पन्नास प्रश्न सोडून दिले तरी चालतात! आमच्या मुलांना हे गणितच कोणी सांगितलेले नसते. ती ऐंशीच्या ऐंशी प्रश्नांवर तुटून पडतात आणि अंदाजाने गोल काळे करतात.

असो. आता त्या मुलीकडे वळतो. मी फळ्यावर पुढील प्रश्न लिहिला. अनिता, बाळू, छाया, दीपक, गौतम व हर्षा उत्तरेकडे तोंड करून एका ओळीत बसले आहेत. बाळू टोकाला नाही. गौतम अनिताच्या लगेच उजव्या हाताला आहे. हर्षा छायाला लागून आहे. छाया व दीपक यांच्यामध्ये दोघे आहेत. छाया डावीकडून तिसरी आहे. तर बाळू कुठे?

मुलगी पहिले वाक्य वाचून थांबली. बाळू टोकाला नाही, मग कुठे? दोन, तीन, चार, पाच, कुठेही! इथेच बहुतेक मुले हरतात, कारण शाळेने धडा पहिल्या ओळीपासून वाचायला शिकवलेले असते. प्रश्न काढणारा मुद्दाम वाक्ये उलटसुलट मांडतो. कोर्टात मी साक्षीदाराची उलटतपासणी घेतो तेव्हा तो जिथून सुरू करतो तिथून मी सुरू करीत नाही. जी गोष्ट कागदावर पक्की आहे तिथून सुरू करतो. इथे पक्के वाक्य शेवटचे आहे: छाया तिसरी. सहा खाने काढा, तिसऱ्यात छाया लिहा. दीपक तिच्यापासून दोघे सोडून, म्हणजे डावीकडे जागाच नाही, तो सहावा. आता अनिता-गौतम ही जोडी एक तर पहिल्या-दुसऱ्या खान्यात, नाही तर चौथ्या-पाचव्यात. इथे मनात घोळत बसायचे नाही, दोन आकृत्या काढायच्या. पहिल्या आकृतीत हर्षाला छायाशेजारी चौथा खाना मिळतो आणि बाळू पाचवा. दुसऱ्या आकृतीत हर्षा दुसरी येते आणि बाळूला उरतो पहिला खाना, म्हणजे टोक. सुरुवातीला निरुपयोगी वाटलेले ‘टोकाला नाही’ हे वाक्य आता सुरीसारखे चालते आणि दुसरी आकृती कापली जाते. अनिता, गौतम, छाया, हर्षा, बाळू, दीपक. बाळू पाचवा.

मुलगी म्हणाली, “एवढंच?” एवढेच. पेन्सिल, खाने, आणि कोणते वाक्य आधी घ्यायचे याची सवय. शिकवणीवर्गात पैसे मोजून हेच विकत मिळते.

गोलाकार बैठकीत मुले आणखी गोंधळतात, म्हणून आठ जणांना सतरंजीवर तोंडे आत करून गोल बसवले आणि हातात चेंडू दिला. डाव्या हाताच्या शेजाऱ्याला द्या म्हटले. वरून बघाल तर चेंडू घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. मग सगळ्यांना पाठ आत करून बसवले, तोच चेंडू उलटा फिरला. त्यानंतर ‘केंद्राकडे तोंड’ आणि ‘केंद्राबाहेर तोंड’ यात कोणी चुकले नाही.

नातेसंबंधाच्या प्रश्नांत मात्र मीच अडकलो. इंग्रजीत ‘ब्रदर-इन-लॉ’ हा एक शब्द असतो. मराठीत तो दीर असेल, मेहुणा असेल, साडूही असेल. भाषांतर करणाऱ्याने ‘मेहुणा’ लिहून टाकले की प्रश्नच बदलतो. इंग्रजी प्रश्न शेजारी दिलेला असेल तर तो वाचल्याशिवाय उत्तर काढू नये. दुसरी अडचण आपल्या घरातली. आपल्याकडे मामाची मुलगी करतात. त्यामुळे मामा हाच सासरा, आत्या हीच सासू. एका मुलाने उत्तर दिले ते त्याच्या घरात खरे होते आणि प्रश्नपत्रिकेत चूक! त्याला समजावताना मी म्हटले, घरचे नाते रेकॉर्डवर नाही. दिलेल्या वाक्यात जेवढे आहे तेवढेच.

हाच नियम विधान-निष्कर्षाला. सर्व वकील माणसे आहेत. काही माणसे प्रामाणिक आहेत. म्हणून काही वकील प्रामाणिक आहेत. हा निष्कर्ष निघतो का? मुले माझ्याकडे बघून हसली आणि दोघांनी भिडेखातर ‘हो’ म्हटले. निघत नाही. ती ‘काही’ माणसे वकिलांच्या वर्तुळाबाहेरची असू शकतात. दोन वर्तुळे काढून दाखवली की पटते. मग एक पोरगा पटकन म्हणाला, “म्हणजे सर, काही आरक्षणवाल्यांना गुण कमी, म्हणून सगळे आरक्षणवाले अपात्र, हे पण चूकच ना?” चूकच. हॉस्टेलवर ते रोज ऐकावे लागते, पण ‘काही’वरून ‘सर्व’ निघत नाही.

यावर एका मुलीने शंका काढली आणि ती मला अजून पुरती सोडवता आलेली नाही. परीक्षेत ‘सर्व टेबले घोडे आहेत’ असे लिहिले असले तरी खरे मानावे लागते. मग कालाम सुत्तात भगवंतांनी परंपरेने आले, ग्रंथात आहे, एवढ्यावर मानू नका असे सांगितले त्याचे काय? मी सांगितले की त्याच सुत्तात नुसत्या तर्काने जुळते म्हणूनही स्वीकारू नका असे आहे. तर्क फक्त एवढेच सांगतो की हे मानले तर ते येते. मुळात हे मानायचे का, हा प्रश्न तर्काच्या आधीचा आहे आणि तो परीक्षेच्या हॉलबाहेर विचारायचा. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या आपल्या आचार्यांनी प्रमाणशास्त्र उभे केले ते या दोन्ही प्रश्नांची गाठ घालायला. तिचे समाधान झाले नाही. पुढच्या वेळी मला वाचून यावे लागेल.

विहार समित्यांना एक विनंती. या वर्गाला खर्च नाही. एक फळा, जुन्या प्रश्नपत्रिका, भिंतीवरचे घड्याळ आणि पेन्सिली. यूपीएससी व एमपीएससीच्या मागील प्रश्नपत्रिका आयोगांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. पेन वापरू देऊ नये, खोडता आले पाहिजे. आठवड्याला एकाच प्रकारचे वीस प्रश्न, आधी घड्याळ न लावता, मग लावून. पाचवीची मुलेही मागे बसू द्यावीत, त्यांची नवोदय तोंडावर असते. बार्टीचे प्रशिक्षण ज्यांना मिळेल त्यांनी जरूर घ्यावे, पण तिथल्या प्रवेशाची वाट पाहत वर्ष घालवू नये.

परवाच्या रविवारी त्या मुलीने स्वतः तयार केलेले कोडे फळ्यावर लिहिले. तालुक्याला जाणारी काळी-पिवळी जीप, ड्रायव्हर धरून नऊ माणसे, तीन रांगा, कोण कोणाच्या मागे. आम्ही सगळे सोडवायला बसलो. दहा मिनिटांनी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला की याची दोन उत्तरे येतात. तिने पाहिले, खरेच दोन येत होती. एक वाक्य कमी पडत होते. ती खडू घेऊन उभी राहिली आणि कोणते वाक्य घालावे यावर वर्गात जे भांडण लागले ते दुपारी एक वाजेपर्यंत चालले.