धुळपाटीपासून विषयमित्रापर्यंत

इसवी सन १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी गोव्याहून दक्षिणेकडे इक्केरीला गेला. हे इक्केरी म्हणजे कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातले, सागरजवळचे गाव. त्या काळी नायक राजांची ती राजधानी होती. वाटेतल्या एका देवळाच्या ओसरीत त्याला चार मुलगे बसलेले दिसले. समोर जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. मुले एका सुरात अंक म्हणत होती आणि म्हणता म्हणता बोटाने ते वाळूत लिहीत होती. जागा भरली की हात फिरवून पुसायचे, मूठभर नवी वाळू टाकायची आणि पुन्हा सुरुवात. मास्तर जवळपास कुठेच नव्हते. पाहुण्याला नवल वाटले. त्याने विचारले, ‘अडले तर सांगणार कोण?’ मुलांचे उत्तर त्याने आपल्या पत्रात नोंदवून ठेवले आहे. त्याचा मतलब असा, की चौघांनाही एकाच जागी अडेल असे सहसा होत नाही. एक विसरला तर बाकीचे त्याला सांगतात.

श्रोतेहो, आता या चारशे वर्षांपूर्वीच्या ओसरीवरून आपण एकदम पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात येऊ. तिथे जालिंदरनगर नावाची वस्ती आहे आणि तिथे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. २०२५ साली या शाळेचे नाव वर्तमानपत्रांतून झळकले, ते आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. जगभरच्या शाळांमधून काही शाळा निवडून त्यांना ‘जगातील सर्वोत्तम शाळा’ या नावाने पारितोषिके दिली जातात. विलायतेतील टी-फोर एज्युकेशन ही संस्था ती देते. समाजाच्या सहकार्याच्या गटात जालिंदरनगरची शाळा पहिल्या दहांत आली आणि पुढे लोकांच्या मतांवर दिला जाणारा लोकपसंतीचा मानही तिलाच मिळाला. थोड्याच वर्षांपूर्वी हीच शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. पट अगदी बोटांवर मोजण्याइतका उरला होता. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले, गावकरी पुढे सरसावले, शाळा उभी राहिली आणि पट शंभराच्या वर गेला.

बक्षिसाची बातमी दोन दिवसांत शिळी होते. त्या शाळेत काय चालते, हे आपल्या कामाचे आहे. तिथे ‘विषयमित्र’ नावाची रीत आहे. ज्याला एखादा विषय किंवा एखादी गोष्ट नीट आली, तो ती दुसऱ्याला शिकवतो. वयाचा आणि वर्गाचा विचार त्यात आडवा येत नाही. मोठा लहानाला शिकवतो आणि वेळ आली तर लहानही मोठ्याला दाखवतो. देवळातल्या त्या चार पोरांनी सांगितलेले सूत्रच हे, नाही का?

मधल्या काळात या सूत्राने मोठा प्रवास केला, आणि त्यात आपल्याला घेण्यासारखे बरेच आहे. आपल्याकडे पंतोजींची शाळा असे तेव्हा लाकडी पाटीवर धूळ पसरून अक्षर गिरवीत आणि वरच्या इयत्तेतले पोर खालच्याला घोकून दाखवी. असाच प्रकार अँड्र्यू बेल नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याने मद्रासेस पाहिला. १७८९ मध्ये तो तिथल्या सोल्जरांच्या अनाथ मुलांच्या शाळेवर देखरेखीला आला होता. देशी शाळेतली मुले वाळूत लिहिताना पाहून, आपल्या मुलांनाही तसेच शिकवावे असे त्याला वाटले. त्याच्या हाताखालच्या मास्तरांनी काही ते मनावर घेतले नाही. (मास्तर मंडळींनी रागावू नये, नवी टूम आली की असे सगळीकडेच होते.) मग बेलसाहेबांनी आठ-एक वर्षांच्या एका पोरालाच लहानांना शिकवायला बसवले, आणि मास्तरांना न जमलेले काम त्या पोराला जमले. १७९७ मध्ये बेलने लंडनला ही हकीकत छापली. पुढल्याच वर्षी लँकेस्टर नावाच्या गृहस्थाने तिथे याच धर्तीची शाळा काढली, आणि ही पद्धत विलायतभर पसरली. गंमत पुढेच आहे. एल्फिन्स्टनसाहेब मुंबईचे गव्हर्नर होते त्या काळात, १८२० नंतर, आपल्याकडे सरकारी आधाराने नव्या मराठी शाळा निघू लागल्या. त्यांच्यासाठी जी पद्धत सुचविली गेली ती हीच, विलायतेहून परत आलेली! आपलीच वस्तू, वर साहेबाचा शिक्का.

पण विलायतेत या पद्धतीचे पुढे मातेरे झाले. का, ते गुरुजींनी जरूर ध्यानात घ्यावे. तिथे एका मोठ्या दिवाणखान्यात शेकडो मुले रांगांनी बसवीत. मास्तर एकटा. रांगेरांगेला एक मोठा पोर नेमलेला, आणि तो सांगेल तसे सर्वांनी एकदम म्हणायचे. थोड्या खर्चात पुष्कळ मुले ‘शिकली’ असे दाखवायची ती युक्ती होती. मुले म्हणत होती, पण त्यांना समजत नव्हते. देवळाच्या ओसरीत चौघे होते आणि चौघे एकमेकांना ओळखत होते. शिवाय धडा त्यांनी आधी मास्तरांकडून घेतलेला होता. तो पक्का करण्याचे काम ते आपसात करीत होते. फरक इतकाच, पण तोच सगळ्यात मोठा.

आता हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका उदाहरणाने पाहू. दुसरीतल्या मुलाला गणित घातले आहे : बेचाळीसमधून सतरा वजा करा. पोर लिहितो पस्तीस. का? दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने उलटे केले. सातातून दोन वजा केले, पाच. चारातून एक गेला, तीन. झाले पस्तीस! गुरुजींनी फळ्यावर हातचा दाखवलेला असतो, पण ‘हातचा’ म्हणजे काय हे त्या पोराच्या गळी उतरलेले नसते. अशा वेळी चौथीतली एखादी मुलगी त्याच्यापुढे झाडूच्या काड्या घेऊन बसते. दहा-दहा काड्यांचे दोऱ्याने बांधलेले चार गठ्ठे आणि वर दोन सुट्या. ‘मला सतरा दे,’ ती म्हणते. पोर एक गठ्ठा उचलून देतो. अजून सात हव्यात. सुट्या तर दोनच. तो तिच्याकडे बघतो. ती काही बोलत नाही. मग तोच म्हणतो, ‘गठ्ठा सोडू?’ सोडतो. आता सुट्या बारा झाल्या. त्यातून सात दिल्या, पाच उरल्या. गठ्ठे उरले दोन. पंचवीस. हातचा त्या दोऱ्यात बांधलेला होता, तो त्याने आपल्या हाताने सोडला. आता पुन्हा तो सहसा चुकत नाही.

काड्या, खडे, मणी यांवरून शिकवण्याची ही रीत सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांनी चांगली रुजवली, आणि २०१५ च्या सुमारास राज्यभरातले शिक्षक एस.टी.ने, मोटारींनी तिथे ती पाहायला जात होते. सामान काय, तर झाडूच्या काड्या. पैशांची सबब तिथे चालत नाही.

वरच्या उदाहरणात दोन गोष्टी झाल्या. पोराला वजाबाकी समजली, हे उघड आहे. पण त्या मुलीचे काय? आपले आईबाप इथेच हरकत घेतात. ‘आमची पोरगी हुशार, अन् गुरुजी तिला दुसऱ्यांच्या पोरांमागं बसवतात. तिचं नुकसान नाही का होत?’ शंका रास्त आहे. उत्तर असे : स्वतः गणित करणे वेगळे आणि दुसऱ्याला ते समजेल असे मांडणे वेगळे. मांडताना आपल्याला कुठे नीट समजलेले नाही ते आपोआप उघडे पडते. आपण पोराला पेरणी दाखवायला लागलो, की ‘हे असंच का?’ या त्याच्या एका प्रश्नाने आपलीच दांडी गुल होते आणि आपण विचार करायला लागतो, तसेच हे. शिक्षकांना तर हे सांगायलाच नको. ज्या वर्षी जो धडा पहिल्यांदा शिकवावा लागला, त्या वर्षी तो खरा कळला, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

शिवाय लहान मुलाची अडचण मोठ्या माणसापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मुलाला लवकर दिसते. कालपरवा ती त्याचीही अडचण होती. मराठी आकड्यांचेच घ्या. ‘बेचाळीस’ म्हणताना दोन आधी कानावर येतात आणि चाळीस मागून. लिहिताना मात्र चार आधी. म्हणून पोर चोवीस लिहून मोकळे होते. ‘एकोणतीस’ ऐकले की त्याला तीसच ऐकू येते. आपल्या शेजारच्या कानडीत वीस आणि एक असेच सरळ म्हणतात. यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असेही वाचन दिले गेले. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्या वेळी केवढा गहजब झाला! विधानसभेपर्यंत चर्चा गेली, थट्टा झाली. पण जुनी रीत काढून टाकलेली नव्हती, जोडीला नवी दिली होती. थट्टा करणाऱ्यांपैकी कितीजण पहिली-दुसरीच्या पोराजवळ बसले होते, कोण जाणे! ते असो. तिसरीतला पोर मात्र दुसरीतल्याला सहज सांगून जातो, ‘बे आधी ऐकू येतं, पण ते मागं लिवायचं.’ व्याकरण शुद्ध नसेल, पण औषध नेमके आहे.

आता हे सगळे आपल्या गावाशी कसे जोडले जाते ते सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे ज्या वाडीवर वीस-पंचवीस पोरे आहेत तिथे दोन गुरुजी आणि वर्ग चार किंवा पाच. एक गुरुजी पहिलीला अक्षर देतो तेव्हा दुसरी-तिसरीने काय करायचे? पुष्कळ ठिकाणी ‘पाठ लिहून काढा’ असे सांगितले जाते आणि निम्मा दिवस हात दुखवण्यात जातो. २०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले गेले, तेव्हा वाड्यावस्त्यांवर चिंता पसरली. आणि ती साहजिकच होती. सहा वर्षांचे पोर ओढा ओलांडून लांबच्या गावी रोज कसे जाणार? मुलीची शाळा तर अशाने आधी सुटते. पण नुसते ‘आमची शाळा बंद करू नका’ म्हणून भागत नाही. त्या शाळेत पोरे शिकताहेत हे दाखवता आले पाहिजे. विषयमित्राची रीत लहान शाळेला खास मानवते ती याचसाठी. मोठ्या शाळेत चौथीचे पोर दुसरीच्या वर्गात पाऊल टाकीत नाही. आपल्या दोनखोल्यांच्या शाळेत ती दोघे एकाच सतरंजीवर असतात. जी अडचण म्हणून आपण मोजतो तीच इथे सोय होते.

गुरुजींसाठी चार शब्द जास्त. जोडी लावताना एक-दोन इयत्तांचेच अंतर ठेवावे. पहिल्यांदा आपण शिकवावे, मग पोरांवर सोपवावे. उलट करू नये. विषयमित्राने उत्तर सांगायचे नाही, ‘कसं केलंस?’ एवढे विचारायचे. ही सवय लागायला महिनाभर जातो, धीर धरावा. नेहमी तीच दोन-तीन हुशार पोरे निवडू नयेत. वाचनात मागे असलेला मुलगा चित्रात, लेझमीत, झाडांची नावे सांगण्यात पुढे असतो. त्याचाही दिवस आला पाहिजे. मुलींवरच लहानांना सांभाळण्याचे काम ढकलले जात नाही ना, तेही बघावे. आणि फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहिणारा मॉनिटर हा विषयमित्र नव्हे. तो शिपाई झाला. त्याच्या हातात छडी दिलीत की सगळा खेळ संपला.

पालकांनो, आपणही शाळेत जाऊन बसा. प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालकच असावेत आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. सभेला गेल्यावर खिचडीचा तांदूळ, गळकी पत्रे, कुंपण यांची चौकशी अवश्य करा. पण त्यासोबत हेही विचारा, की तिसरीतली किती पोरे न अडखळता पान वाचतात? जी अडखळतात त्यांच्याजवळ रोज कोण बसते? स्नेहसंमेलनाची ढाल, शिष्यवृत्तीत झळकलेले एक नाव, याचे कौतुक झालेच पाहिजे. ढाल कपाटात ठेवल्यावर मात्र मागच्या रांगेतल्या पोराची विचारपूस करा.

आणि घरी पोर आले, की ‘आज काय शिकलास?’ असे विचारण्याचा आपला रिवाज आहे. त्यावर ‘काही नाही’ हे उत्तरही ठरलेले! एखाद्या दिवशी ‘आज कुणाला काय शिकवलंस?’ असे विचारून बघा. काड्या घेऊन त्याला तुमच्यापुढे बसू द्या. तुम्हाला वजाबाकी येत असली तरी येत नाही असे म्हणा, आणि गठ्ठा तो कधी सोडतो ते बघत राहा.