जर्मनीतला पहिला हिवाळा

जर्मनीत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जाणाऱ्या भारतीयांपैकी बरेच जण थंडीच्या तोंडावरच तिथे उतरतात. बहुतेक विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि नोकरदारांचा व्हिसा, तिकीट, घर यांचा मेळ बसेपर्यंत अनेकदा नोव्हेंबर उजाडतो. या मंडळींत मराठी माणसे पुष्कळ असतात. चाकण-पिंपरी पट्ट्यातले जर्मन वाहनउद्योगाचे कारखाने आणि पुण्यातली जर्मन शिकण्याची जुनी परंपरा ही त्याची कारणे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही शहरे तर १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. जाणाऱ्याची सगळी तयारी थंडीशी दोन हात करण्याची असते: जाड कोट, लोकरीचे मोजे, कानटोपी. प्रत्यक्षात रस्त्यावरची थंडी हा या हिवाळ्याचा सोपा भाग आहे. अवघड जाते ते बंद घर चालवणे आणि उजेडावाचून दिवस काढणे.

स्टुटगार्ट किंवा म्युनिकमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या आसपास राहते. अधूनमधून ते उणे दहापर्यंत जाते, पण फार काळ टिकत नाही. बस, गाडी, दुकान, कार्यालय सगळीकडे आत वीस अंशांची ऊब असते. म्हणून एका अवजड कोटापेक्षा अंगालगत पातळ लोकरी किंवा घाम शोषून बाहेर टाकणारा कपडा, त्यावर स्वेटर आणि वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट असे थर बरे पडतात. आत शिरले की एकेक उतरवता येतात. सुती बनियन घामाने ओलसर होते आणि बाहेर पडताच तीच ओल अंगाला झोंबते. खरा खर्च बुटांवर करावा. तळवा जाड, पकड चांगली आणि आत एका जास्तीच्या मोज्याला जागा असलेले बूट तिथे गेल्यावर पायाला लावून घेतलेले उत्तम.

लहान मुलांच्या बाबतीत पालकांना जरा धक्का बसतो. किटा म्हणजे पाळणाघर-बालवाडीत मुलांना पावसात, बर्फातही रोज बाहेर खेळायला नेतात. प्रत्येक मुलाची स्वतःची खुंटी असते. तिच्यावर रबरी कापडाची, खांद्यावर पट्टे असलेली चिखलविजार टांगलेली, खाली गमबूट, कप्प्यात हातमोजे आणि बदलायच्या कपड्यांची पिशवी, आणि या सगळ्यावर मुलाचे नाव. सर्दी होईल या भीतीने मूल घरी ठेवणे तिथे कुणाला सुचत नाही. हा शिरस्ता चांगला आहे. हिवाळ्यात सगळ्यात लवकर रुळतात ती मुलेच.

घर मिळणे हा वेगळाच सोपस्कार आहे. भाड्याचे घर बहुधा रिकामे मिळते. पुष्कळदा ओटा, सिंक, शेगडी आणि छताचे दिवेही आधीचा भाडेकरू काढून नेतो. जाहिरातीतला ‘काल्टमीटे’ हा आकडा नुसत्या जागेच्या भाड्याचा असतो. त्यात पाणी, कचरा, जिना-सफाई आणि बहुतेक ठिकाणी हीटिंगची मासिक उचल मिळवली की ‘वार्ममीटे’ होते. विजेचे बिल साधारणपणे त्याहून निराळे. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देता येते. हे माहीत नसल्याने नवखा माणूस पहिल्याच महिन्यात बँकेतली सगळी शिल्लक रिकामी करून बसतो.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. कर-क्रमांक, पुष्कळ बँकांतले खाते, राहण्याचा परवाना अशी पुढची गाडी या नोंदीवर अडते. मोठ्या शहरांत वेळच, तिथल्या भाषेत ‘टर्मिन’, लवकर मिळत नाही, म्हणून घर ठरताच ती मागून ठेवावी. कर-क्रमांक टपालाने येतो, आणि इथे एक छोटी गोष्ट फार महत्त्वाची ठरते. जर्मन इमारतींत सदनिकांना सहसा क्रमांक नसतात. पोस्टमन पेटीवरचे नाव बघून पत्र टाकतो. पेटीवर आणि दारावरच्या बेलवर आडनाव चिकटवलेले नसेल तर विमा, बँक, कर या सगळ्यांची पत्रे परत जातात. रेडिओ-दूरचित्रवाणी शुल्काचे पत्र मात्र प्रत्येक घराला येतेच. टीव्ही नसला तरी महिना १८.३६ युरो भरावे लागतात.

घरात खिडकीखाली पांढरा धातूचा रेडिएटर असतो. तळघरातल्या बॉयलरमधून किंवा शहराच्या उष्णता-जाळ्यातून आलेले गरम पाणी त्यातून फिरते. बाजूच्या गोल खटक्यावर १ ते ५ आकडे असतात, आणि पंख्याच्या रेग्युलेटरची सवय असलेला माणूस तो थेट ५ वर नेतो. हा आकडा वेगाचा नाही, तापमानाचा असतो. ३ म्हणजे साधारण २० अंश, पुढे-मागे एकेका आकड्याला सुमारे चार अंशांचा फरक. खोली वीस अंशांवर यायला ३ वर जेवढा वेळ लागतो तेवढाच ५ वर लागतो; फक्त ५ वर ठेवलेली खोली पुढे अठ्ठावीसकडे तापत राहते. हिमकणाची खूण म्हणजे नळातले पाणी गोठू नये एवढीच ऊब, सुमारे सहा अंश. खोलीचे तापमान एका अंशाने उतरवले तर हीटिंगचा खर्च ढोबळमानाने सहा टक्के वाचतो. म्हणून अंगात स्वेटर घालून घर वीसवर ठेवायचे, हीच तिथली रीत. उलट टोकही महागात पडते. काटकसर म्हणून दिवसभर हीटिंग पूर्ण बंद ठेवले तर भिंती गारठतात आणि बुरशीला आमंत्रण मिळते.

बुरशी हे या हिवाळ्यातल्या घरभांडणाचे, म्हणजे भाडेकरू आणि मालक यांच्यातल्या वादाचे मोठे कारण आहे, आणि भारतीय घरात तिचा धोका जास्त. चार माणसांच्या घरात श्वास, आंघोळ, स्वयंपाक आणि वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी वाफ होऊन हवेत जाते. वीस अंशांची एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम वाफ धरू शकते, शून्य अंशांची पाच ग्रॅमही नाही. खोलीतली उबदार, दमट हवा गार भिंतीला टेकली की तिला तेवढी वाफ पेलवत नाही. खोलीत वीस अंश आणि निम्मी आर्द्रता असताना भिंतीचा पृष्ठभाग साडेबारा अंशांच्या खाली गेला की बुरशी वाढण्याइतकी ओल तिथे जमते. बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची जागा, खिडकीची चौकट इथेच आधी काळे ठिपके दिसतात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून निदान पाच-दहा सेंटिमीटर दूर ठेवायला सांगतात ते याचसाठी.

यावरचा जर्मन उपाय पहिल्यांदा वेडगळ वाटतो: भर थंडीत खिडक्या सताड उघडायच्या. दिवसातून तीन-चार वेळा, समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडून, पाचेक मिनिटे. तेवढा वेळ रेडिएटर बंद. दमट हवा निघून जाते आणि बाहेरची कोरडी हवा आत येते. शून्य अंशांची हवा अगदी ओलीचिंब असली तरी वीस अंशांपर्यंत तापल्यावर तिची आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली उतरते. भिंती आणि सामान एवढ्या वेळात गार होत नाहीत, म्हणून खिडकी लावताच खोली पुन्हा ऊब धरते. खिडकी वरून फटीसारखी कलती करून तासन्‌तास ठेवणे मात्र वाईट. ऊब वाया जाते, चौकटीलगतची भिंत गारठते आणि हवा धड बदलत नाही. हा खिडकीचा पाठ अनेक भाडेकरारांत लेखी असतो. तो पाळणे हे मालकाचे मन राखणे नव्हे. त्यात आपल्याच फुप्फुसांचे हित आहे. याच कोरड्या हवेने ओठ फुटतात, हाताची त्वचा तडकते. खोबरेल तेलाची बाटली बॅगेत असलेली बरी.

मराठी स्वयंपाकाला या घरात काही मुरड घालावी लागते. झोपण्याच्या खोल्या आणि बोळ यांत धूरसूचक यंत्रे सक्तीची आहेत, आणि मिरचीची फोडणी त्यांना आग वाटते. फोडणीआधी स्वयंपाकघराचे दार लावून खिडकी उघडणे हाच इलाज. एकोणीस-वीस अंशांत दही विरजत नाही, इडलीचे पीठ फुगत नाही. ओव्हनचा नुसता दिवा लावून भांडे आत ठेवले की दोन्ही कामे होतात. डाळी, पोहे, गूळ तमिळ किंवा अफगाण दुकानदारांकडे मिळतात. कोथिंबीर, पुदिना आणि तीळ तुर्की दुकानात स्वस्त.

उजेडाची गोष्ट निराळी आहे, कारण ती उशिरा लक्षात येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात, आणि भारताशी वेळेचा फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातो. घरी फोन करायच्या वेळा तिथूनच विसकटतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बर्लिनमध्ये सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. पुण्यात त्या दिवशीही सुमारे अकरा तास उजेड असतो. स्टुटगार्टमध्ये ऐन दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर येतो, पुण्यात अठ्ठेचाळीस. एवढ्या तिरप्या उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व बनवता येत नाही. ऑक्टोबर ते मार्च हा सगळा काळ त्या दृष्टीने कोरडा जातो, आणि सावळ्या त्वचेला एरवीही जास्त ऊन लागते. ऊन मिळत नसेल तर दिवसाला २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० एकक, ही तिथली शिफारस आहे. रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेले चांगले.

मनावरचा परिणाम त्याहून खोल असतो. अंधारात कामाला जायचे आणि अंधारात परतायचे, असे आठवडेच्या आठवडे गेले की झोप वाढते, उत्साह आटतो, आणि माणूस हे आपल्या एकटेपणाचे किंवा निवड चुकल्याचे लक्षण समजतो. पुष्कळदा कारण साधे असते: डोळ्यांत पुरेसा प्रकाश जात नाही. कार्यालयात टेबलावर सुमारे ५०० लक्स उजेड असतो, तर ढगाळ हिवाळी दुपारीही बाहेर दोन-तीन हजार. म्हणून जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास चालून येणे हे औषधासारखेच मानावे. उदासी आठवडेभर हटली नाही तर डॉक्टरांकडे जायला संकोचू नये.

बर्फ पडला की घरासमोरचा पदपथ झाडण्याची जबाबदारी घरमालकाची, पण करारात लिहून ती भाडेकरूवर टाकता येते. बहुतेक शहरांत कामाच्या दिवशी सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत रस्ता चालण्याजोगा ठेवावा लागतो; कुणी घसरून पडले तर भरपाईचा प्रश्न येतो. मीठ टाकायला अनेक ठिकाणी बंदी असल्याने वाळू किंवा खडी पसरतात. गाडी असेल तर बर्फाळ रस्त्यावर डोंगर आणि हिमकण यांची खूण असलेले टायर सक्तीचे आहेत. भारतीय वाहनपरवाना मात्र तिथे सहा महिनेच चालतो, नंतर लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

रविवारी दुकाने बंद असतात. नाताळात तर २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ पर्यंत सलग, आणि लागून रविवार आला की आणखी एक दिवस. पीठ-दूध आधी भरावे. सुट्टीत आजारी पडल्यास ११६११७ या क्रमांकावर डॉक्टर मिळतो, जिवावर बेतले तर ११२.

याच अंधारात सणही असतात. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या मिरवणुकीत मुले हाताने केलेले कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत निघतात. डिसेंबरभर खिडक्यांत कागदी तारे पेटतात. सॅक्सनीतल्या हेर्नहुट गावचा अनेक टोकांचा तारा पाहून मराठी माणसाला आकाशकंदील आठवतोच. दिवाळीला सुट्टी नसते, फराळ शनिवार-रविवारी सरकतो. मोठ्या शहरांतली मराठी मंडळे त्या वेळी मोठा आधार देतात, पण तेवढ्यावर थांबू नये. लोकशिक्षण केंद्रांचे स्वस्त भाषावर्ग आणि गावातली क्रीडा किंवा गायन मंडळे हिवाळ्यात जोरात चालतात, आणि शेजाऱ्यांशी ओळख होते ती तिथेच.

या हिवाळ्याचा हिशेब पुढच्या वर्षी येतो. दरमहा भरलेली हीटिंगची रक्कम ही उचल असते. तिचा वार्षिक ताळेबंद मालकाने हिशेबाचे वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचा असतो, आणि खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग प्रत्यक्ष वापरावर वाटला जातो. ५ वर ठेवलेल्या खटक्याचे शेकडो युरो इथे दिसतात. मुदत टळल्यावर मालकाला, उशीर त्याच्या चुकीने झाला असेल तर, जास्तीचे पैसे मागता येत नाहीत. भाडेकरूला पावत्या पाहण्याचा हक्क आहे आणि ताळेबंद हाती आल्यापासून वर्षभरात हरकत घेता येते. भाडेकरूंच्या संघटना वार्षिक वर्गणीत असे ताळेबंद तपासून देतात.