चार ओळींचे पत्र

मनुष्य दूर गेला म्हणजे त्याचा आवाज घरापर्यंत पोहोचत नाही. परंतु त्याचे अक्षर पोहोचते. पूर्वी मात्र हे सुख सर्वांच्या आवाक्यातले नव्हते. राजेरजवाडे जासूद पाठवीत. सामान्य माणसाला गावाकडे जाणाऱ्या वाटसरूच्या हाती निरोप द्यावा लागे. १ जुलै १८७९ रोजी भारतात पोस्टकार्ड सुरू झाले. त्याची किंमत अवघा पाव आणा होती. तेव्हापासून गरिबालाही पत्र लिहिणे सोपे झाले.

पुढे मुंबईच्या कापडगिरण्यांत कोकणातील व घाटावरील हजारो माणसे काम करू लागली. त्यांची बायकामुले बहुधा गावीच राहत. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे पत्र. ‘इकडील सर्व क्षेम’ असा प्रारंभ झाला, की पुढे साध्या गोष्टी येत. भाताची लावणी झाली, गाय व्याली, आजीचा खोकला कमी आहे, धाकटी चालू लागली. यात विशेष ते काय, असे परक्याला वाटेल. परंतु मुलीचे पहिले पाऊल ज्याला पाहता आले नाही, त्या पित्याला ते या एका ओळीत दिसे. शुभवार्तेच्या पत्राला हळदकुंकू लावण्याची रीत होती. त्यामुळे निरक्षर आईलाही वाचण्यापूर्वीच आनंदाची खूण पटे.

तथापि, लिहिता न येणाऱ्यांची एक मोठी अडचण असे. पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे लागे आणि आलेले पत्र पुष्कळदा पोस्टमनच वाचून दाखवी. परक्यासमोर मनातले दुःख कसे सांगावे? कर्जाची काळजी, अंगावर काढलेले दुखणे मनातच राही आणि पत्रात एवढेच जाई, की घरी सर्व ठीक आहे. घरातले मूल शाळेत जाऊन लिहावयास शिकले, म्हणजे ही अडचण दूर होई. आई चुलीपाशी बसून सांगे, मूल लिहून घेई. अक्षर वेडेवाकडे असे, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकाही होत. परंतु आईचे बोल जसेच्या तसे कागदावर उतरत.

आता पोस्टकार्ड क्वचितच लिहिले जाते. दूरच्या माणसाशी क्षणात बोलता येते आणि मोबाईलवर मजकूरही धाडता येतो. साधने बदलली, तरी लेखनाचा गुण तोच आहे. बोललेला शब्द विरून जातो. लिहिलेला शब्द एकटेपणी पुन्हा वाचता येतो. लेखन हे केवळ ग्रंथकारांचे काम नव्हे. आपल्या माणसाची आस्थेने विचारपूस करणाऱ्या चार ओळी ज्याने लिहिल्या, त्याची अक्षरविद्या सार्थकी लागली.