मोटारीची शिदोरी

नॉर्वे हा युरोपच्या उत्तरेकडील थंड देश. तेथे ऐन डिसेंबरात सकाळचे आठ वाजले तरी उजाडत नाही. अंगणातील मोटारीच्या काचांवर हिमाचा पांढरा थर जमतो. परंतु घरातील माणसे कामावर जाण्यास बाहेर येतात, तेव्हा एखादी मोटार आतून उबदार होऊन, काचा स्वच्छ करून, जणू त्यांची वाटच पाहत असते! हा चमत्कार नव्हे. ही विजेच्या मोटारीतील एक सोय आहे. या देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के मोटारी विजेच्याच होत्या.

विजेच्या मोटारीत पेट्रोलची टाकी नसते. तळाशी बॅटरी असते. जपानमधील निसान कंपनीने २०१० साली ‘लीफ’ ही मोटार बाजारात आणली. तिच्या बॅटरीत २४ युनिट वीज मावत असे. एवढी वीज हीच तिची शिदोरी. ती वाटेत संपली, तर प्रवासी बर्फात अडकून पडावयाचा!

पेट्रोलच्या इंजिनातून पुष्कळ उष्णता वाया जाते आणि थंडीत तीच आतल्या माणसांना ऊब देते. विजेच्या मोटारीचे यंत्र असे तापत नाही. म्हणून उबेसाठीही बॅटरीतील वीजच खर्चावी लागते. तापकाला ३ किलोवॉट वीज लागत असेल, तर तासाभरात ३ युनिट, म्हणजे शिदोरीचा आठवा हिस्सा, संपतो. तेवढी वाट तुटते.

यावर उपाय साधा आहे. जो घरी जेवून निघतो, त्याची शिदोरी वाटेत पुरते. मालक रात्रीच मोटारीला निघण्याची वेळ नेमून देतो. मोटार घरच्या विजेला जोडलेली असते. त्या वेळेआधी ती घरचीच वीज घेऊन आतील हवा तापवते. बॅटरी भरलेलीच राहते.

शिदोरी केव्हा बांधावी, हेही ठरवता येते. संध्याकाळी घरोघर दिवे आणि शेगड्या चालू असतात, त्यामुळे विजेला मागणी फार असते. मध्यरात्रीनंतर ती ओसरते आणि पुष्कळदा दरही उतरतो. मोटारीतील टायमर तोपर्यंत थांबतो आणि नेमल्या वेळी बॅटरी भरू लागतो. ताशी ३ युनिट वीज मिळत असेल, तर ९ युनिटांना तीन तास लागतील. सकाळी सहाला निघणाऱ्याने पहाटे तीनच्या आत भरणे सुरू केले पाहिजे, हे उघड आहे.

मात्र टायमर लावल्याचे विसरले, तर फजिती होते. एखादा दुपारी तासभर मोटार जोडून ठेवतो. पण मोटार आज्ञेप्रमाणे मध्यरात्रीची वाट पाहत राहते आणि बॅटरी रिकामीच! अशा वेळी टायमर बाजूस सारून लगेच वीज भरण्याची कळही मोटारीत असते. रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले, तर तिचे मोल कळते.

तडस लागेपर्यंत जेवणे प्रकृतीला मानवत नाही. लिथियमच्या बॅटरीचेही तसेच आहे. काठोकाठ भरून दीर्घकाळ, विशेषतः उन्हात, ठेवल्यास ती लवकर जीर्ण होते. म्हणून रोजच्या जवळच्या प्रवासासाठी पुष्कळ जण ती ८० टक्केच भरतात. लांब जाण्याच्या आदल्या रात्री मात्र पूर्ण भरतात.

यंत्र सांगितलेली वेळ चुकवीत नाही. परंतु उद्या कोठे जावयाचे आहे आणि त्यासाठी किती वीज लागेल, याचा विचार माणसालाच आज करावा लागतो. शिदोरी मोटारीची असली, तरी ती बांधण्याची दूरदृष्टी माणसाचीच!