पाच मिलिव्होल्टांचा प्रपंच

ज्यांच्या लहानपणी घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना एक गोष्ट पक्की आठवत असेल. बटण फिरवल्याबरोबर तो रेडिओ कधीच बोलत नसे. आधी काचेमागे पिवळसर उजेड पडे, मग आत कुठेतरी घुमल्यासारखे होई आणि सगळे घर कान टवकारून बसल्यावर स्वारी सावकाश बोलायला लागे. मधल्या वेळात आतले व्हॉल्व्ह तापत असत. पुढे १९४७ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला, आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या घरांतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. आपण तर ट्रान्झिस्टर हे नाव रेडिओलाच देऊन टाकले!

अशा या हद्दपार व्हॉल्व्हला घरी पुन्हा आणण्याचा उद्योग मी केला, त्याला कारण आत्याची ट्रंक. आत्याचे वय चौऱ्याऐंशी. तिच्या ट्रंकेत जुन्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या बेचाळीस तबकड्या आहेत; हिराबाई बडोदेकर आहेत, केसरबाई केरकर आहेत, नाटकांतली पदे आहेत. “अरे, भंगारवाल्याला देण्याआधी एकदा मला नीट ऐकव,” एवढेच तिचे मागणे होते.

आता तुम्ही म्हणाल, ऐकवायला काय लागते? चावीचा ग्रामोफोन चोरबाजारात मिळतो. मिळतो खरा, पण त्याची सुई तबकडीवर शंभर ग्रॅमहून अधिक भार देऊन चालते. प्रत्येक वेळी गाणे थोडे ऐकू येते आणि थोडे खरवडून निघते! त्यानंतर विजेवर चालणारे रेडिओग्रॅम आले. त्यांतला स्फटिकाचा पिकअप आवाज भरपूर देई, पण त्याचाही हात जडच. जुन्या तबकडीला जपायचे तर चुंबकाचा हलका पिकअप हवा. तो तीन-चार ग्रॅमांवर भागवतो, मात्र देतो किती? सुमारे पाच मिलिव्होल्ट! टॉर्चच्या एका सेलचा तीनशेवा हिस्सा. हळुवार हाताची ही किंमत आहे, आणि ती चुकती करण्यासाठी जे यंत्र लागते त्याचे नाव प्रीअँप्लिफायर. त्यातल्या तबकडीपुरत्या भागाला फोनो स्टेज म्हणतात. साध्या अँप्लिफायरला काम करायला जवळजवळ एक व्होल्ट लागतो. म्हणजे पाच मिलिव्होल्टांचे दोनशेपट करून द्यायचे.

हे काम व्हॉल्व्ह कसे करतो, ते पाटाच्या पाण्यावरून चटकन कळेल. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या प्लेटवरच्या दीड-दोनशे व्होल्टांच्या ओढीने धावत सुटतात. वाटेत तारेची एक बारीक जाळी असते. पाटकरी फळी बोटभर वर-खाली करतो आणि शेतात जाणारे पाणी कमी-जास्त होते, तसे जाळीवरच्या इवल्या बदलाने मधला सगळा प्रवाह हलतो. फ्लेमिंगने १९०४ साली जाळीवाचून नळी केली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने त्यात ही जाळी घातली आणि आवाज मोठा करण्याची विद्या माणसाच्या हाती आली. मी वापरला तो ईसीसी ८३ नावाचा व्हॉल्व्ह. अमेरिकेत त्याला १२ एएक्स ७ म्हणतात. एका काचेत असे दोन संसार असतात आणि प्रत्येक जण आवाज पन्नास-साठपट करू शकतो. एकाने केलेले दुसऱ्याकडे दिले की गणित तीन हजारांच्या पुढे जाते.

मग दोनशेचीच गरज असताना इतके कशाला? इथे तबकडीची एक गंमत आहे. तबकडी कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबतात, नाहीतर सुईची वाट इतकी रुंद नागमोडी होईल की शेजारच्या वाटेत घुसेल. उलट तार स्वर मुद्दाम वाढवून कापतात. वाजवताना हे सगळे उलटे करायचे, खर्ज वर आणि तार खाली, म्हणजे तबकडीची खरखरही तार स्वरांबरोबर खाली बसते. किती दाबायचे आणि किती चढवायचे, याचा एकच नियम अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण संघटनेने १९५४ साली ठरवला. हा उलटा नकाशा चार रोध आणि धारित्र जोडून दोन व्हॉल्व्हच्या मध्ये बसवावा लागतो, आणि त्या नकाशातच बराचसा आवाज खर्ची पडतो.

ह्या नकाशाची खरी मेख मात्र पुढे आहे. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. नियमाप्रमाणे त्याच ५० आवर्तनांच्या खर्जाला मधल्या स्वरांच्या सातपट चढवावे लागते. म्हणजे गाणे दोनशेपट आणि घरातल्या विजेची गुणगुण चौदाशेपट! फोनो स्टेज बांधणे म्हणजे बारा आणे या गुणगुणीशी लढाई आणि चार आणे डाग देणे.

सामानाला मी पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो. रोध, धारित्रे, सॉकेटे मिळाली. बंगलोरची भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवत असे. आज नवे ईसीसी ८३ येतात ते स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून. गिटारवाल्यांचे उपकार मानले पाहिजेत. त्यांना अजून व्हॉल्व्हचाच आवाज हवा असतो, म्हणून हे कारखाने चालू आहेत. रोध एक टक्क्याचे घेतले आणि धारित्रे मीटरवर मोजून जोड्या लावल्या, कारण डावा-उजवा कान सारखा ऐकू येण्याचा प्रश्न असतो.

एका बाबतीत मात्र थट्टा चालत नाही. ह्या पेटीत तीनशे व्होल्ट खेळतात, आणि बटण बंद केले, प्लग काढला, तरी मोठ्या धारित्रांत ते साठून राहतात. माणूस दगावू शकतो. त्यामुळे धारित्रांवर पहिल्याच दिवशी दोन लाख वीस हजार ओहमचा रोध आडवा जोडला. तो साठलेली वीज मिनिट-दोन मिनिटांत पिऊन टाकतो. तरीही मीटर लावून शून्य पाहिल्याखेरीज आत बोट घालायचे नाही, आणि चालू पेटीत मोजायची वेळ आली तर डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे वीज छातीतून आरपार जायला वाट राहत नाही. ज्या घरात रांगते मूल आहे, त्या घरात हा उद्योग कुलपाच्या खोलीतच करावा. आणि ज्याने कधी डाग दिलेला नाही, त्याने आधी बॅटरीवरच्या चार वस्तू बांधाव्यात.

गुणगुणीचा बंदोबस्त टप्प्याटप्प्याने झाला. वीजपुरवठ्याला वेगळी पेटी दिली. सगळ्या जमिनीच्या तारा एकाच खिळ्यापाशी आणल्या. व्हॉल्व्ह तापवायला उलटसुलट वाहणारी वीज न देता सरळ वाहणारी दिली आणि त्यासाठी एक चिमुकले आधुनिक आयसी वापरले. व्हॉल्व्हच्या घरात आयसीने पाय ठेवला म्हणून शुद्धतावादी मंडळी नाके मुरडतील; मुरडोत. एवढे करूनही थोडी गुणगुण उरली. पिकअपची वाट बंद करून पाहिले तरी ती हटेना, तेव्हा उगम पेटीच्या आसपासच होता. शेवटी विजेची पेटी फळीवर काटकोनात फिरवली आणि आवाज एकदम पडला! ट्रान्सफॉर्मरचे चुंबकत्व दिशा पाहून त्रास देते. आता फळीवर खडूची चौकट आहे आणि आमच्या सौभाग्यवतींना धूळ झाडताना ती पाळावी लागते. “अहो, देवघरातसुद्धा इतकं सोवळं नाही हो,” असे त्या म्हणतात.

व्हॉल्व्हचा आवाज गोड असतो, त्याला ऊब असते, असे पुष्कळ बोलले जाते. माझे मत विचाराल तर, आज बाजारात मिळणारे आयसीचे तयार फोनो स्टेज ह्याहून शांत आणि काटेकोर असतात, आणि पुष्कळदा स्वस्तही पडतात. मला व्हॉल्व्ह हवा होता तो वेगळ्या कारणाने. ह्यातला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, आणि आत्याच्या तबकड्यांसाठी मला नकाशात ढवळाढवळ करायची होती.

कारण १९५४ चा नियम तिच्या तबकड्यांना ठाऊकच नाही. त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी होती. नव्या नियमाने वाजवल्या तर त्या घोंगडे पांघरल्यासारख्या ऐकू येतात. म्हणून मी एक खटका बसवला. तो फिरवला की तार स्वरांची कपात जवळजवळ थांबते. दुसऱ्या खटक्याने खर्ज कमी-अधिक होतो. तिसरा खटका डावा-उजवा एकत्र करतो. ह्या तबकड्यांत गाणे फक्त आडव्या हालचालीत असते, त्यामुळे उभ्या हालचालीची खरखर परस्पर वजा होते. सुईही वेगळी लागते, एलपीच्या सुईपेक्षा जवळजवळ तिप्पट जाड टोकाची. आणि एक सांगून ठेवतो, ह्या तबकड्या लाखेच्या आहेत, बांगड्यांच्या त्याच लाखेच्या. स्पिरिटने पुसल्या तर लाख विरघळेल. मऊ कोरडा ब्रश पुरे.

पहिली लावली ती हिराबाईंची. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तीन मिनिटे काही बोलली नाही. सुई उचलल्यावर म्हणाली, “पेटीवाला आहे होय रे मागे? आम्हाला तर तो कधी ऐकूच आला नव्हता.” मग दुसरी बाजू लाव म्हणाली.

बेचाळीसांपैकी दोन तडकलेल्या आहेत आणि एक दुभंगलेली. उरलेल्या एकोणचाळीस, दर रविवारी चार या बेताने, एकेकदाच वाजवून संगणकात उतरवून घेतो आहे, म्हणजे सुई पुन्हा त्यांच्यावर ठेवायला नको. भंगारवाल्याचा विषय आत्याने स्वतःहून काढलेला नाही. पुढच्या रविवारी केसरबाई आहेत.