बागेचें पाणी व पिण्याचें पाणी

वाढण्याचा डाव ताटाला लावूं नये, तांब्याला तोंड लावून पाणी पिऊं नये, वरून धार धरावी, ही शिस्त आपल्या घरांतील वडील माणसें मुलांना लहानपणापासून लावीत असतात. ज्या भांड्यांतून सर्वांनीं घ्यावयाचें, त्यांत एकाचें उष्टें परत जाऊं नये, एवढाच तिचा अर्थ. हीच शिस्त सबंध गांवाच्या नळाला लावावयाची झाल्यास काय करावें लागतें, हें आज वाचकांस सांगण्याचा आमचा विचार आहे.

आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबांतील मुलें-सुना अमेरिकेंत घरें करून राहिलीं आहेत. तेथें घरापुढें हिरवळ राखण्याची चाल असून तिला पाणी देण्यासाठीं जमिनीखालून नळ्या घालून फवारे बसवितात. तिकडील अनेक नगरांत अशा घरमालकास दरवर्षीं सूचना येते कीं, बागेच्या नळावरील उलटा प्रवाह रोखणारें उपकरण अधिकृत परीक्षकाकडून तपासून घेऊन दाखला पाठवावा. फवारे तर उत्तम उडत आहेत, मग हा खर्च कशाला, असें कोणाहि काटकसरी गृहस्थास वाटणें स्वाभाविक आहे. परंतु फवारे उत्तम उडत असतांनाहि तें उपकरण पार निकामी झालेलें असूं शकतें. तपासणीचें सर्व मर्म यांत आहे.

पाण्याला दिशा ठाऊक नसते, दाब तेवढा कळतो. एरवीं मुख्य नळांतील दाब अधिक असतो म्हणून पाणी घराकडे येतें. पण कोठें आग लागून बंबांनीं एकाएकीं पुष्कळ पाणी ओढलें, किंवा मुख्य नळच फुटला, तर तेथील दाब नाहींसा होऊन नळ उलट शोषूं लागतो. अशा वेळीं फवाऱ्याचें तोंड ज्या चिखलांत बुडालेलें असेल तो चिखल, त्यांतील खत, कीटकनाशक व जनावरांची घाण हीं सर्व मागें ओढलीं जातात. दुसरा प्रकार उलट दाबाचा. बागेच्या नळास विहिरीचा पंप जोडला असेल, अथवा बाग बरीच उंचावर असेल, तर तिकडील दाब वरचढ होऊन पाणी मागें ढकललें जातें. मग शेजारच्या घरीं एखादें मूल पेला भरून घेतें, त्याला यांतलें काय ठाऊक असणार?

ही भीति काल्पनिक नाहीं. 1933 सालीं शिकागो येथें जागतिक प्रदर्शन चालू असतां दोन हॉटेलांतून अमीबाजन्य आंवेची सांथ पसरली व 98 माणसें दगावलीं. तें उदाहरण बागेचें नव्हे. तेथें नळजोडणीच्या दोषामुळें सांडपाणी पिण्याच्या पाण्यांत मिसळलें होतें. पण कारणाची जात तीच. पुष्कळ पाहुणे आपापल्या गांवीं परतल्यावर आजारी पडले, त्यामुळें सांथीचें मूळ सांपडण्यासहि विलंब लागला. पुढें 1944 सालीं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत या विषयाच्या संशोधनासाठीं स्वतंत्र संस्था निघाली.

आतां या उपकरणांची रचना पाहूं. पहिल्या प्रकारांत दाब उतरतांच एक झडप उघडून हवा आंत घेते व शोषण तुटतें. हें उपकरण सर्वांत उंच फवाऱ्याच्याहि वर किमान 12 इंच असावें लागतें, आणि उलट दाबापुढें त्याचा उपयोग नाहीं. दुसऱ्यांत एकापुढें एक अशा दोन एकमार्गी झडपा असतात. धोका कमी असेल तेथें तें चालतें. तिसऱ्यांत दोन झडपांच्या मधल्या कप्प्यांतील दाब मुद्दाम नळापेक्षां कमी राखलेला असतो. झडप गळून हा फरक कमी होऊं लागला, तर तो दर चौरस इंचास 2 पौंडांच्या खालीं जाण्यापूर्वींच तिसरी झडप उघडून कप्प्यांतील पाणी बाहेर सांडलें पाहिजे. ज्या पाण्यांत खत किंवा औषध मिसळतात, तेथें हाच प्रकार योग्य.

परीक्षक दाबमापक जोडून, पुढच्या-मागच्या तोट्या बंद करून, प्रत्येक झडप किती दाबाला उघडते व किती दाब धरते हें आंकड्यांत टिपून घेतो. दरवर्षीं कां? स्प्रिंग सैल पडते, रबराची चकती झिजते, वाळूचा एक कण अडकला तरी झडप पुरती मिटत नाहीं, आणि थंड मुलुखांत पाणी गोठून उपकरणाचें अंगच फुटतें. येथें स्थालीपुलाकन्याय लागू पडत नाहीं. शितावरून भाताची परीक्षा होते, पण एका घरची झडप पाहून शेजारची कशी आहे हें कळत नाहीं.

शेतीलाहि हाच नियम आहे. नेब्रास्का राज्यांत शेतकरी विहिरीच्या पाण्यांतूनच पिकांस खत व औषध देतात, आणि त्याच भूगर्भांतील पाण्यावर तेथील बहुसंख्य लोकांची तहान भागते. म्हणून 1986 सालीं तेथें कायदा झाला. मुख्य नळावर एकमार्गी झडप, हवेची झडप, गळलेलें पाणी विहिरीपासून दूर सोडणारी वाट, आणि पाण्याचा पंप थांबतांच औषधाचाहि पंप थांबेल अशी जोडणी, हीं तपासून घेतल्याखेरीज परवाना मिळत नाहीं.

आपल्याकडेहि आतां ठिबकच्या नळींतून खत देण्याची पद्धत सर्वत्र झाली आहे, आणि पुष्कळ वस्त्यांवर शेताची विहीर हीच पिण्याची विहीर असते. पंप बंद केल्यावर नळांतील पाणी विहिरींत परत पडतें कीं काय, हें पाहण्यास अर्धी घटका पुरते. शहरांत जेथें ठराविक वेळींच पाणी येतें, तेथें तें जातांना नळ रिकामा होऊन शोषूं लागतो. म्हणून बागेच्या नळीचें टोंक पिंपांत किंवा हौदांत बुडवून ठेवूं नये. तोटीचें तोंड आणि भांड्याचा कांठ यांत तोटीच्या व्यासाच्या दुप्पट, निदान 1 इंच, मोकळी हवा असावी, असा अमेरिकेंतील नियम आहे. याहून स्वस्त उपाय नाहीं, आणि त्याला झिजणारी चकतीहि नाहीं.

परदेशांतील मुलांस पत्र लिहितांना तपासणीचा दाखला वेळेवर पाठविण्याची आठवण अवश्य द्यावी. आणि घरची शेती असेल त्यांनीं खंडेनवमीस अवजारें घासूनपुसून ठेवतांना पंपावरील ती झडपहि उघडून, पुसून, नीट मिटते कीं नाहीं हें पाहावें. वर्षभर तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. निदान त्या दिवशीं पाहावें.